ख्रिस्ती रूपकात्मक अद्भुतकथा

ख्रिस्ती रूपकात्मक अद्भुतकथा हा कथासाहित्याचा एक प्रकार आहे. पाप, कृपा, बलिदान, तारण, पुनरुत्थान या ख्रिस्ती धर्मातील कल्पना या प्रकारात उपदेशातून न सांगता काल्पनिक प्रदेशातील प्रवास, संकटे आणि युद्धे यांच्या रूपाने मांडलेल्या असतात. बाल व कुमार वाचक हा त्याचा मुख्य वाचकवर्ग मानला जातो. मात्र त्याचा आद्य नमुना, जॉन बन्यन यांचे ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८), मुलांसाठी लिहिलेला नव्हता. मुलांनी तो आपलासा केला. विसाव्या शतकात सी. एस. लुईस यांच्या ‘द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया’ (१९५०–१९५६) या सात पुस्तकांच्या मालेने या प्रकाराला जगभर वाचक मिळवून दिले.

मराठीत हा प्रकार फार लवकर आला. बन्यन यांच्या ग्रंथाचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून ओळखले जाणारे बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ त्यानंतर सोळा वर्षांनी आले. म्हणजे मराठी वाचकापुढे कादंबरीसदृश दीर्घ गद्यकथा प्रथम आली त्या काळात ती ख्रिस्ती रूपककथेच्या रूपातही आली. तरीही पुढील मराठी ख्रिस्ती कथालेखनाने ही वाट धरली नाही. वसईसारख्या जुन्या ख्रिस्ती वस्तीच्या प्रदेशात तर अद्भुताची गरज पुराण आणि संतचरित्र या वेगळ्याच प्रकारांनी भागवली.

स्वरूप

रूपककथेत दोन कथा एकाच वेळी चालतात. वरची कथा घटनांची असते: कोणी घर सोडतो, दलदलीत रुततो, राक्षसाशी लढतो, नदी ओलांडतो. आतली कथा अर्थाची असते. दलदल म्हणजे निराशा आणि नदी म्हणजे मृत्यू. उत्तम रूपककथेत वाचकाला दुसरी कथा कळली नाही तरी पहिलीत रस वाटतो. दुय्यम रूपककथेत पहिली कथा दुसरीची केवळ किल्ली बनून राहते.

‘रूपककथा’ या शब्दाने मराठी वाचकाला प्रथम वि. स. खांडेकर आठवतात. खांडेकरांनी रूढ केलेली रूपककथा मात्र आकाराने लहान असते. एखादे फूल, दगड किंवा पणती यांच्या संवादातून एक विचार सुचवून ती थांबते. येथे अभिप्रेत असलेला प्रकार दीर्घ असून त्यात प्रवास आणि साहस अनिवार्य आहेत.

अर्थ कथेत दडवण्याची ही रीत भारतीय वाचकाला परकी नव्हती. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात चक्रधरस्वामींचे दृष्टांत आहेत. तेथे आधी गोष्ट येते आणि तिचा अर्थ, म्हणजे दार्ष्टांतिक, वेगळा सांगितला जातो. एकनाथांच्या भारुडात विंचू, भूत, जोगवा असे लौकिक विषय घेऊन अध्यात्म सांगितलेले आहे. कृष्णमिश्रांच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या अकराव्या शतकातील संस्कृत नाटकात विवेक आणि महामोह हे लढणारे राजे आहेत. जैन आचार्य सिद्धर्षी यांची ‘उपमितिभवप्रपंचा कथा’ (इ. स. ९०६) ही तर जीवाच्या भवभ्रमणाची प्रदीर्घ रूपककथाच असून अभ्यासकांनी तिची तुलना बन्यन यांच्या ग्रंथाशी केली आहे. परका होता तो नायकाचा एकाकीपणा. येथे कोणी राजा किंवा गुणांचे मूर्त रूप लढत नाही. पाठीवर ओझे घेतलेला एक सामान्य, घाबरट गृहस्थ चालत असतो.

बन्यन आणि ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’

जॉन बन्यन (१६२८–१६८८) यांचा जन्म इंग्लंडमधील बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी झाला. भांडी दुरुस्त करणे हा त्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय होता. राजमान्य चर्चच्या परवानगीविना प्रवचने केल्याबद्दल १६६० ते १६७२ अशी बारा वर्षे ते तुरुंगात होते. प्रवचने न करण्याचे वचन दिले असते तर त्यांची सुटका होऊ शकली असती. ते त्यांनी दिले नाही. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा पाया याच कारावासात घातला गेला असे मानले जाते.

ग्रंथाचा नायक ख्रिश्चन हा ‘विनाशनगरी’त राहतो. हातातल्या पुस्तकात नगरीच्या नाशाचे भाकीत वाचून तो भयभीत होतो आणि बायकामुलांना मागे ठेवून ‘स्वर्गीय नगरी’कडे निघतो. निराशेच्या दलदलीत तो रुततो, अरुंद दरवाजातून आत शिरतो, क्रुसापाशी त्याच्या पाठीवरचे ओझे गळून पडते. पुढे अपॉलियन या खवलेधारी दैत्याशी त्याचे युद्ध होते. व्यर्थतेच्या बाजारात, जेथे पदव्या, राज्ये आणि सुखे विकायला मांडलेली असतात, त्याचा सोबती फेथफुल याला ठार मारले जाते. संशयाच्या किल्ल्यात निराशा नावाचा राक्षस त्याला कोंडतो. शेवटी त्याला आठवते की, वचन नावाची किल्ली इतका वेळ आपल्याच छातीशी होती.

बन्यन यांचे बळ तपशिलात आहे. निराशेची दलदल बुजवण्यासाठी राजाची माणसे वर्षानुवर्षे चांगल्या उपदेशाच्या गाड्या ओतत आहेत, तरी ती बुजत नाही, हा तपशील उपदेशकाने स्वतःच्याच व्यवसायावर केलेला विनोद आहे. पात्रांची नावे गुणवाचक असली तरी त्यांचे बोलणे बाजारात ऐकू येणारे आहे. त्यामुळे हा ग्रंथ ईश्वरशास्त्र न कळणाऱ्यांनाही वाचता आला. त्याची भाषांतरे दोनशेहून अधिक भाषांत झाली आहेत.

दुसरा भाग १६८४ मध्ये आला. त्यात मागे राहिलेली पत्नी ख्रिस्तियाना आपल्या चार मुलांसह आणि मर्सी या तरुणीसह त्याच वाटेने निघते. पहिला भाग एकट्याच्या तारणाचा आहे, तर हा कुटुंबाच्या आणि मंडळीच्या प्रवासाचा. यात मुले आजारी पडतात, प्रश्न विचारतात, मोठी होतात. बन्यन यांनी १६८६ मध्ये मुलांसाठी पद्यांचे एक स्वतंत्र पुस्तकही प्रसिद्ध केले; पण मुलांनी निवडले ते मोठ्यांसाठीचेच.

याचे एक कारण व्यावहारिक होते. कडव्या प्रॉटेस्टंट घरांत रविवारी मनोरंजनाची पुस्तके वर्ज्य असत, पण या पुस्तकाला मुभा होती. मुले लांबलचक धर्मसंवाद ओलांडून राक्षस, सिंह आणि किल्ले यांच्याकडे जात. लुइझा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ (१८६८–६९) या कादंबरीतील चार बहिणी लहानपणी पाठीला गाठोडी बांधून घराच्या तळघरापासून गच्चीपर्यंत हाच प्रवास खेळलेल्या आहेत आणि कादंबरीतील अनेक प्रकरणांची नावे बन्यन यांच्या ग्रंथावरून आली आहेत. शांता शेळके यांनी या कादंबरीचे ‘चौघीजणी’ हे भाषांतर केले.

बन्यन ते लुईस

एकोणिसाव्या शतकात रूपककथेचा सांगाडा सैल झाला आणि परीकथेचे अद्भुत त्यात मिसळले. चार्ल्स किंग्जली यांच्या ‘द वॉटर-बेबीज’ (१८६३) मध्ये धुराडी साफ करणारा एक अनाथ मुलगा नदीत बुडून जलबालक होतो. जॉर्ज मॅकडॉनल्ड यांच्या ‘अ‍ॅट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड’ (१८७१) आणि ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ (१८७२) या पुस्तकांत गुणवाचक नावे जवळजवळ नाहीत; अर्थ आहे, पण तो बोटाने दाखवता येत नाही. मॅकडॉनल्ड यांची ‘फँटॅस्टीज’ (१८५८) ही अद्भुतकथा किशोरवयात वाचनात आल्याने आपल्या कल्पनाशक्तीला नवे वळण मिळाले, असे लुईस यांनी पुढे नमूद केले आहे.

क्लाइव्ह स्टेपल्स लुईस (१८९८–१९६३) हे ऑक्सफर्ड आणि नंतर केंब्रिज येथे मध्ययुगीन व प्रबोधनकालीन साहित्याचे अध्यापक होते. तारुण्यात नास्तिक असलेले लुईस तिशीच्या सुमारास ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले आणि त्यानंतर त्यांनी लिहिलेले पहिले कथात्मक पुस्तक ‘द पिल्ग्रिम्स रिग्रेस’ (१९३३) हे बन्यन यांच्याच धर्तीवरचे होते. ते दुर्बोध ठरले. मध्ययुगीन रूपकावरील त्यांचा ‘द अ‍ॅलेगरी ऑफ लव्ह’ (१९३६) हा संशोधनग्रंथ आजही संदर्भासाठी वापरला जातो. रूपककथेचे व्याकरण इतके जाणणाऱ्या लेखकाने मुलांसाठी लिहिताना मात्र ते बाजूला ठेवले.

‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) मध्ये युद्धकाळात लंडनहून खेड्यात पाठवलेली चार भावंडे एका कपाटातून नार्निया या प्रदेशात पोहोचतात. तेथे चेटकिणीच्या सत्तेमुळे हिवाळा संपत नाही आणि नाताळ उगवत नाही. एडमंड हा भाऊ मिठाईच्या लोभाने फितूर होतो. त्याचे प्राण वाचवण्यासाठी अस्लन हा सिंह दगडी मेजावर स्वतःचा बळी देतो आणि पुन्हा जिवंत होतो. ख्रिस्ताच्या क्रूसमरणाशी असलेले साम्य उघड आहे. तरीही नार्निया ही रूपककथा नाही, असे लुईस यांचे म्हणणे होते. निराशा राक्षसाच्या रूपात दाखवणे म्हणजे रूपक. नार्नियासारखे जग खरोखर असते आणि देवाने तेथे अवतार घेतला असता तर काय घडले असते, हा प्रश्न विचारणे म्हणजे निराळी गोष्ट. तिला ते ‘कल्पून पाहणे’ म्हणत. या मालेची सुरुवातही सिद्धांतातून झाली नव्हती. बर्फातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला अर्धमानव-अर्धबोकड फॉन हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्यांच्या मनात होते.

हा फरक केवळ शाब्दिक नाही. ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’ (१९५२) मधील यूस्टेस हा कुरकुऱ्या मुलगा लोभापायी ड्रॅगन होतो. स्वतःची कातडी तो पुन्हा पुन्हा खरवडून काढतो, पण आत पुन्हा खवलेच निघतात. शेवटी अस्लन नख्यांनी ती खोलवर सोलतो आणि त्याला पाण्यात टाकतो. बाप्तिस्म्याची कल्पना माहीत नसलेल्या मुलालाही या प्रसंगातील वेदना आणि सुटका कळते. बन्यन यांच्या दलदलीची पाटी वाचावी लागते; येथे पाटीच नाही. मालेतील अखेरच्या ‘द लास्ट बॅटल’ या पुस्तकाला १९५६ सालचे कार्नेगी पदक मिळाले.

अमेरिकेतील मॅडलिन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’ (१९६२) या कादंबरीने हीच परंपरा विज्ञानकथेत नेली.

‘यात्रिकक्रमण’ आणि मराठी

रूपककथा परिणामकारक होण्यासाठी तिच्यामागचा मूळ ग्रंथ वाचकाला ठाऊक असावा लागतो. बन्यन यांच्या इंग्रज वाचकाला बायबल तोंडपाठ होते. मराठीत नवा करार बंगालमधील श्रीरामपूर येथील मिशनने १८११ मध्ये छापला. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे धर्मप्रसारक मुंबईत आले आणि छापखाने, शाळा व पुस्तिका यांचे जाळे उभे राहू लागले. बायबलपाठोपाठ ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हे प्रॉटेस्टंट मिशनांचे ठरलेले पुस्तक होते. १८४०च्या दशकातच ते कन्नड आणि मल्याळम भाषांतही उतरले.

मराठी भाषांतरकार हरि केशवजी (१८०४–१८५८) हे केवळ धार्मिक ग्रंथांचे भाषांतरकार नव्हते. रसायन व पदार्थविज्ञान या विषयांवरील संवादरूप इंग्रजी पुस्तकेही त्यांनी मराठीत आणली. बन्यन यांचा ग्रंथही बव्हंशी संवादांनी भरलेला आहे. प्रश्नोत्तरांतून विषय उलगडणारे मराठी गद्य या भाषांतरकाराच्या हाताशी आधीच तयार होते, ही गोष्ट भाषांतराच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

शीर्षकातील ‘यात्रिक’ हा शब्द लक्षणीय आहे. काशी, पंढरी, जेजुरी येथे जाणाऱ्याला मराठी माणूस यात्रेकरू किंवा वारकरी म्हणतो. तो जातो आणि परत येतो. बन्यन यांचा यात्रिक परत येत नाही. शिवाय वारी समूहाने, गात-नाचत होते. हा प्रवास एकट्याचा आणि भयाने सुरू झालेला आहे. घरदार सोडून मोक्षासाठी निघणारा माणूस मराठी वाचकाला संन्यासी म्हणून परिचित होता. पण ख्रिश्चन संन्यास घेत नाही. आपल्याबरोबर चला म्हणून तो घरच्यांना विनवतो आणि ते त्याला वेडा ठरवतात.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा प्रसंग रूपक राहिला नव्हता. बाप्तिस्मा घेणाऱ्या तरुणाला घर, जात, वारसा आणि बहुधा पत्नीही गमवावी लागे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या; त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. या मधल्या वर्षांचे चित्रण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. त्यात दलदल नाही आणि राक्षसही नाही. सोवळे, सोयरे, मूल आणि रेल्वेचा प्रवास आहे. बन्यन यांनी पत्नीची यात्रा सहा वर्षांनी दुसऱ्या भागात लिहिली. मराठीत ती पत्नीनेच लिहिली, आणि ती रूपकाशिवाय लिहिली गेल्याने अधिक बोलकी झाली.

वाट बदलण्याची कारणे

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. शीर्षकात प्रवास शिल्लक आहे, पण प्रदेश काल्पनिक नाही. यमुना पतीसह गावोगाव फिरते आणि विधवांच्या हकिगती ऐकते व पाहते. पुढे ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक माणसाकडून काही शिकणे ही बन्यन यांच्या ग्रंथाची रचना येथे ओळखू येते; मात्र भेटणारी माणसे गुणांची मूर्त रूपे नसून केशवपन झालेल्या स्त्रिया आहेत. ज्या लेखकाला वाचकाचे मन एका चालू रूढीविरुद्ध वळवायचे आहे त्याला रूपकाचा पडदा अडचणीचा ठरतो. अन्याय कोठे आहे हे त्याला नावानिशी दाखवायचे असते.

अद्भुताचा ओघ दुसरीकडे गेला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांनी राजपुत्र, कपटी प्रधान, वियोग आणि चमत्कारिक योगायोग यांची चटक मराठी वाचकाला लावली. अरबी सुरस कथांचे मराठी रूपही याच सुमाराचे आहे. अशा रीतीने दोन दशकांतच विभागणी झाली: धर्म आणि सुधारणा वास्तवाकडे, अद्भुत रंजनाकडे. इंग्रजीत किंग्जली आणि मॅकडॉनल्ड हे दोन्ही प्रवाह एकत्र बांधत होते, नेमक्या त्याच काळात मराठीत ते एकमेकांपासून दूर गेले. नार्नियासारखी कलाकृती मराठीत का निर्माण झाली नाही, याचे उत्तर श्रद्धेच्या किंवा प्रतिभेच्या अभावात शोधण्यापेक्षा या विभागणीत शोधणे अधिक योग्य ठरते.

मुलांसाठीचे मराठी ख्रिस्ती लेखन मुख्यतः नियतकालिकांतून झाले. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. त्याच मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाले आणि दीर्घकाळ चालले. रेव्हरंड टिळक यांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. टिळकांच्या काव्याची ओढ मात्र रूपककथेकडे नसून अभंगाकडे होती. आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्ण राहिले व लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले.

वसईतील परंपरा

पालघर जिल्ह्यातील वसई परिसर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. येथील ख्रिस्ती समाज मुख्यतः कॅथलिक आहे, आणि ‘यात्रिकक्रमण’ मुंबई-नगरच्या प्रॉटेस्टंट मिशनांच्या वाटेने आले. हा फरक महत्त्वाचा आहे. बन्यन यांच्या ग्रंथात वाटेवरच्या एका गुहेत पूर्वी पेगन आणि पोप असे दोन राक्षस राहत असत; पोप म्हातारा झाल्याने यात्रिकांकडे पाहून केवळ नखे चावत बसतो. कॅथलिक वाचकांसाठी काढलेल्या काही परदेशी आवृत्त्यांत हा भाग गाळला गेला. वसईच्या घरात हे पुस्तक बायबलशेजारी ठेवले जाण्याचा संभव मुळातच कमी होता.

येथे अद्भुत आले ते पुराणाच्या रूपाने. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यानंतर फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्कू वाझ द गिमराइन्श यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण १६५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची भाषा उत्तर कोकणातील बोलीला जवळची असून साष्टी-वसई भागातील ख्रिस्ती समाजात ते गायले जात असे. पुराणात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे बंड, सैतान आणि नरक हे सारे येते, पण ते रूपक म्हणून नव्हे, तर घडलेली कथा म्हणून. श्रोत्याला अर्थ उलगडायचा नसतो, कथा ऐकायची असते.

साहसाची जागा संतचरित्राने घेतली. वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेले गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानला गेले, व्यापारात पडले, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. सागरप्रवास, परकी भाषा, राजाचा कोप आणि मरण असे साहसकथेचे सारे घटक या चरित्रात आहेत. बन्यन यांच्या वाचकाने फेथफुलचा मृत्यू कल्पनेतील बाजारात पाहिला. वसईच्या मुलाला हुतात्मा आपल्याच गावचा मिळाला.

१९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. वसईतून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ या मासिकाने स्थानिक ख्रिस्ती लेखकांना मराठीत लिहिते केले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचा जन्म वसई तालुक्यातील नंदाखाल येथे झाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठी वाचकाला सहज वाचता येईल अशा भाषेत आहे. या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, जुन्या भाषांतरांची जड शैली आड न येता बायबलमधील प्रतिमा, जसे हरवलेले मेंढरू, अरुंद दरवाजा किंवा उधळ्या पुत्र, सर्वसाधारण मराठी गद्यात वावरू लागतात. याच प्रतिमांवर रूपककथा उभी राहते.

आक्षेप

या प्रकारावर दोन्ही बाजूंनी टीका झाली आहे. जे. आर. आर. टॉल्कीन हे लुईस यांचे मित्र आणि श्रद्धावान कॅथलिक होते, तरी रूपकाविषयीची नावड त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत उघड सांगितली, लेखकाने अर्थ लादण्यापेक्षा वाचकाने तो आपल्या अनुभवाशी मोकळेपणाने जोडावा, असे त्यांचे मत होते. फिलिप पुलमन यांनी नार्नियावर कठोर लेखन केले, आणि त्यांची ‘हिज डार्क मटेरियल्स’ (१९९५–२०००) ही कादंबरीत्रयी अनेकदा नार्नियाचे प्रत्युत्तर म्हणून वाचली जाते. मोठी बहीण सुझन हिला लिपस्टिक आणि मेजवान्यांच्या ओढीमुळे अखेरच्या पुस्तकात नार्नियाबाहेर ठेवणे, तसेच ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ (१९५४) मधील सावळ्या वर्णाच्या, पगडीधारी कालोर्मेन लोकांचे चित्रण, हे आक्षेपांचे नेहमीचे विषय आहेत. भारतीय वाचकाला दुसरा आक्षेप अधिक जाणवतो. कालोर्मेनची राजसभा अरबी सुरस कथांतून उचललेली आहे, आणि ज्या कथांनी मराठीत निखळ रंजन केले त्यांचाच उपयोग येथे शत्रूचा प्रदेश रंगवण्यासाठी झालेला आहे.

मुले छुपा उपदेश ओळखतात का आणि ओळखल्यावर दुखावतात का, हा प्रश्न स्वतंत्र आहे. लहानपणी नार्निया वाचलेल्या अनेकांनी मोठेपणी अर्थ कळल्यावर फसवणूक झाल्याची भावना नोंदवली आहे. इतर अनेकांना तोच अर्थ नंतर सापडलेला नजराणा वाटला. बन्यन यांच्या वाचकांत असा वाद उद्भवला नाही, कारण त्यांनी मुखपृष्ठावरच ही गोष्ट स्वप्नाच्या रूपाने सांगितली असल्याचे जाहीर केले होते आणि पात्रांची नावे अर्थासकट दिली होती.